भक्षकाने घडविलेली चपळाई
(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही गोष्ट आपणांपैकी कोणालाही नवी नाही. आपल्या प्राचीन राजनीतिकारांनी तिला 'मत्स्यन्याय' असे नावच देऊन ठेवले आहे. राजदंड नसेल तर बलवान दुर्बलाला खाऊन टाकील, असा इशारा कौटिल्याने अर्थशास्त्रात याच उपमेने दिला आहे. आपल्या बोलीत माशांविषयीची दुसरीही एक म्हण आहे. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण म्हणतो. या दोन वचनांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र नेमका हा संबंधच आहे. माशाच्या पिलाला पोहणे उपजत येते हे खरे. पण ते कसे पोहते, किती झटकन वळते, संकटाची चाहूल लागताच किती वेगाने निसटते, या गोष्टी त्याच्या पूर्वजांना गिळणाऱ्या मोठ्या माशाने ठरविलेल्या असतात. भक्षक हा भक्ष्याचा केवळ काळ नसतो; पिढ्यांच्या हिशेबाने पाहिले तर तो त्याचा घडविणाराही असतो.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. शासकीय माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. तेव्हा हा विषय शास्त्रीय परिभाषेत न मांडता, शास्त्रज्ञांनी काय पाहिले आणि कसे पाहिले, एवढेच आपणांसमोर साध्या शब्दांत ठेवण्याचा माझा प्रयत्न राहील.

विहिरीतला परदेशी पाहुणा

या कथेचा नायक आपल्या परिचयाचा आहे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही आरोग्य खात्याची घोषणा आपण भिंतीवर रंगविलेली वाचली असेल. विहिरीत, टाकीत, कारंज्याच्या हौदात सोडलेला, डासांच्या अळ्या खाणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा तो गप्पी मासा मूळचा आपल्याकडील नव्हे. त्याची मायभूमी दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि त्याला लागून असलेले त्रिनिदाद बेट ही होय. त्रिनिदादचे नाव आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९७१ साली सुनील गावसकर यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले ते याच बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन येथे.

गप्पी हे नाव त्याला मिळाले त्याचीही गंमत आहे. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नावाचे एक निसर्गाभ्यासक एकोणिसाव्या शतकात त्रिनिदादमध्ये राहत असत. आपल्या शिक्षक मंडळींना ऐकून संतोष होईल की, हे गृहस्थ तेथील शाळाखात्यात तपासनीस होते. त्यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील गुंथर यांनी १८६६ मध्ये या माशाला त्यांचे नाव दिले. पुढे असे आढळले की, पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच त्याचे नामकरण केलेले होते. म्हणून शास्त्रीय नाव पेटर्स यांचे, 'पोइसिलिया रेटिक्युलाटा' हे कायम झाले. लोकांच्या तोंडी मात्र शाळा तपासनिसांचेच नाव राहिले.

हा मासा अंडी घालीत नाही. मादी पिलांना जन्म देते. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने एकेक वेत होते. पिले काही महिन्यांतच वयात येतात. म्हणजे आपल्या एका आयुष्यात या माशाच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व कथा पिढ्यांच्या हिशेबाची आहे.

एकाच ओढ्यात दोन गावे

त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्याला समांतर अशी एक डोंगररांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर सुमारे ९४० मीटर आहे. या डोंगरांतून अरिमा, अरिपो, तुरुरे अशा अनेक लहान नद्या खळाळत खाली येतात आणि वाटेत त्यांना धबधबे लागतात. हे धबधबे काही आपल्या दूधसागरासारखे प्रचंड नसतात; पण मोठ्या माशाला वर चढू न देण्यास दोन-तीन पुरुष उंचीचा कडाही पुरेसा होतो.

परिणामी एकाच ओढ्यात जणू दोन वेगवेगळी गावे वसली आहेत. धबधब्याच्या खाली गप्पीच्या शेजाराला पाइक सिक्लिड नावाचा लांबट, टपून बसून झडप घालणारा मासा असतो आणि लांडग्याच्या नावाने ओळखला जाणारा, तीक्ष्ण दातांचा दुसरा एक शिकारी मासा असतो. आपल्या तळ्यातील मरळ जशी शेवाळाच्या आडोशाला निश्चल राहून एकदम तुटून पडते, तशीच यांची तऱ्हा. पूर्ण वाढ झालेला गप्पी हे त्यांचे नेहमीचे खाद्य आहे.

धबधब्याच्या वर हे दोघेही नाहीत. तेथे गप्पीच्या सोबतीला बहुधा रिव्युलस हा एकच मासा आढळतो. हा पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून उड्या मारीत प्रवास करू शकतो, म्हणून तो कड्याच्या वरही पोहोचला आहे. तो गप्पीच्या पिलांना खातो खरा, परंतु मोठ्या गप्पीला त्याच्यापासून फारसे भय नाही.

पाणी तेच, डोंगर तोच, मासाही तोच, फरक शेजाऱ्याचा. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही निसर्गाने स्वतः मांडून ठेवलेली प्रयोगशाळाच होती. शिवाय असा ओढा एकच नव्हता. वर निर्भय आणि खाली भयग्रस्त, ही मांडणी ओढ्यामागून ओढ्यात पुन्हा पुन्हा आढळत होती. एका ठिकाणी दिसलेला फरक योगायोगाचा असू शकतो. अनेक ठिकाणी तोच फरक त्याच दिशेने दिसला, तर त्यामागे कारण शोधावे लागते.

बेनोनी सेघर्स या अभ्यासकाने १९७४ मध्ये दाखवून दिले की, शिकारी माशांच्या शेजारी राहणारे गप्पी अधिक घट्ट थवा करून राहतात, तर वरच्या निर्भय पाण्यातील गप्पी सुटेसुटे फिरतात. थवा करणे हा बचावाचा एक मार्ग झाला. परंतु झडप प्रत्यक्ष अंगावर आली, की मग थवा उपयोगी पडत नाही. तेथे ज्याची त्याने आपली सुटका करावयाची असते.

क्षणार्धातील पलायन

ही सुटका होते कशी? माशाच्या शरीरात दोन प्रकारचे स्नायू असतात. एक तांबडे, दुसरे पांढरे. बांगडा किंवा कुपा चिरताना कुशीजवळून जाणारा गडद तांबड्या मांसाचा पट्टा आपल्या गृहिणींच्या नजरेस नित्य पडतो. तो तांबडा स्नायू संथपणे, न थकता, तासन् तास पोहण्याचा. उरलेले बहुतेक मांस पांढऱ्या स्नायूंचे. हे स्नायू जोरदार झटका देतात, पण लगेच थकतात. बैलगाडी आणि गोफणीचा धोंडा यांत जो फरक, तोच यांच्यांत.

झडप येते आहे असे जाणवताच माशाच्या मेंदूच्या मागील भागातील दोन मोठ्या चेतापेशींपैकी एक कार्यान्वित होते आणि शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू एकदम आखडतात. मासा विळ्यासारखा वाकतो. त्याचे तोंड संकटापासून दूर वळते. लगोलग शेपटीचा उलटा तडाखा बसतो आणि मासा बाणासारखा सुटतो. वाकणे आणि तडाखा हे दोन्ही मिळून एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच आटोपते. आपली पापणी मिटून उघडण्यापूर्वी जीवनमरणाचा निर्णय झालेला असतो.

या निमिषमात्र हालचालीने खरोखरच जीव वाचतो काय, हाही प्रश्न शास्त्रज्ञांनी गृहीत धरला नाही. अतिजलद चित्रण करणारे कॅमेरे लावून त्यांनी पाइक सिक्लिडची झडप आणि गप्पीचे पलायन यांच्या चित्रफिती घेतल्या व प्रत्येक हालचालीचे मोजमाप केले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, ज्या गप्पीने अधिक झटकन अंग वळविले आणि अधिक वेगाने सूर मारला, त्याची निसटण्याची शक्यता अधिक होती. वेगाचे मोल येथे जिवानेच चुकविले जाते.

चाळणीचा दृष्टान्त

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिकाऱ्याला भिऊन गप्पी पळण्याचा सराव करतो, सरावाने चपळ होतो आणि ती चपळाई पिलांना देतो, असे कोणास वाटेल. निसर्गाची रीत तशी नव्हे. पैलवानाचा मुलगा तालीम न करता पैलवान होत नाही.

चाळणीचे उदाहरण घेऊ. चाळणी धान्याचा एकही दाणा मोठा करीत नाही. ती फक्त बारीक दाणे खाली पाडते आणि टपोरे वर ठेवते. शेतकरी दरसाल वर राहिलेलेच दाणे पेरू लागला, तर काही वर्षांनी त्याचे पीकच टपोऱ्या दाण्यांचे येऊ लागेल. गप्पीच्या एकाच वेतातील पिलांमध्येही काही जन्मतः किंचित चपळ, तर काही किंचित मंद असतात. पाइक सिक्लिड ही चाळणी. मंद पिले पिलावळ होण्यापूर्वीच त्याच्या पोटात जातात. चपळ उरतात, त्यांची संतती होते, आणि तिच्यात चपळाईचा अंश अधिक उतरतो. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये 'नैसर्गिक निवड' म्हणून जी कल्पना जगापुढे मांडली, ती हीच.

तथापि शंकेला अजून जागा आहे. धबधब्याखालचा गप्पी चपळ असेल तो रक्तातल्या गुणामुळे, की लहानपणापासून संकटे पाहिल्यामुळे? ही शंका रास्त आहे, कारण काही माशांचे शरीर एका आयुष्यातही बदलते. युरोपातील क्रूशियन कार्प हा आपल्या कटला-रोहूच्या कुळातील मासा. ज्या तळ्यात पाइक हा शिकारी मासा असेल, तेथे त्याचे अंग पाठीपासून पोटापर्यंत रुंद होत जाते, असे स्वीडनमधील संशोधनातून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. असा रुंद मासा शिकाऱ्याच्या जबड्यात मावत नाही. रुंद झालेल्या माशाच्या अंगी पलायनाचा वेगही अधिक येतो, हे २००८ मध्ये दाखविण्यात आले. हा बदल पिढ्यांचा नाही. तोच मासा, त्याच जन्मात बदलतो.

मग गप्पीच्या बाबतीत निवाडा कसा करावा? युक्ती सोपी आहे. खालचे आणि वरचे असे दोन्ही गप्पी प्रयोगशाळेत आणावयाचे. दोघांनाही सारखेच पाणी, सारखेच खाणे द्यावयाचे, शिकाऱ्याचे दर्शनही होऊ द्यावयाचे नाही. त्यांची पिले, आणि त्या पिलांची पिले, अशी दुसरी पिढी हाती आली की परीक्षा घ्यावयाची. या नातवंडांनी धबधबाही पाहिलेला नाही आणि शिकारीही पाहिलेला नाही. तरीही जर त्यांच्यात फरक दिसला, तर तो वारशाने आलेला आहे, असे मानावे लागेल.

माणसाने हलविलेले मासे

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी एका गोष्टीने साहाय्य केले. १९५७ मध्ये कॅरिल हॅस्किन्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका नदीच्या शिकारी असलेल्या भागातून २०० गप्पी उचलले आणि तुरुरे नदीच्या वरच्या भागात सोडले. त्या भागात पूर्वी गप्पीही नव्हते आणि त्यांचे मोठे शत्रूही नव्हते. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये अरिपोच्या एका उपप्रवाहात आणि डेव्हिड रेझनिक यांनी १९८१ मध्ये एल सेड्रो नदीत असेच स्थलांतर घडवून आणले. एखादे कुटुंब एका गावाहून उठवून दुसऱ्या गावी वसवावे आणि त्याच्या वंशजांवर नजर ठेवावी, तसा हा प्रकार.

एंडलर यांना अल्पावधीतच दिसून आले की, शत्रू नाहीसा होताच नरांचे रंग अधिक भडक होऊ लागले. रेझनिक व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले की, अकरा वर्षांत, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांत, वयात येण्याचे वय, पिलांचा आकार आणि त्यांची संख्या या गोष्टी बदलल्या होत्या. हॅस्किन्स यांनी हलविलेल्या माशांच्या वंशजांचे वर्तन १९९२ मध्ये तपासले गेले, तेव्हा त्यांची सावधगिरी ओसरलेली आढळली.

आणि चपळाईचे काय झाले? शायरिल ओस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी तीन ओढ्यांतील गप्पी घेतले. मुळातच वर आणि खाली राहणाऱ्या समूहांच्या दोन जोड्या, आणि मूळ समूह व त्यातून हलविलेला समूह अशा तीन जोड्या त्यांनी तपासल्या. प्रत्येक समूहातील मासे पाइक सिक्लिडच्या समोर सोडून किती जगतात, हे मोजले. प्रत्येक जोडीत शिकारी असलेल्या पाण्यातील गप्पीच अधिक संख्येने वाचले. एकाही जोडीचा निकाल उलटा लागला नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या दुसऱ्या पिढीवर तीच परीक्षा पुन्हा घेतली. निकाल तोच! शिकारी कधीही न पाहिलेल्या नातवंडांच्या अंगी आजोबांनी भोगलेल्या संकटाची चपळाई उतरलेली होती. निर्भय पाण्यातील माशांच्या नातवंडांत ती कमी होती.

विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. निर्भय पाण्यात हलविलेल्या गप्पींनी ही चपळाई अवघ्या २६ ते ३६ पिढ्यांत गमावली होती. माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर हा काळ साडेसहाशे ते नऊशे वर्षांचा होतो; म्हणजे साधारणतः ज्ञानेश्वर महाराजांपासून आपल्यापर्यंतचा. गप्पीच्या बाबतीत तेवढ्या पिढ्या उलटण्यास दोन दशकेही पुरतात. एखादा शिक्षक नोकरीस लागल्यापासून निवृत्त होईपर्यंतच्या काळात एखादा वंश आपली जन्मजात कला मिळवू शकतो, आणि घालवूही शकतो.

चपळाईची किंमत

मिळविलेली कला घालविण्याचे कारण काय? शत्रू नसला तरी चपळाई अंगी असल्याने नुकसान ते काय? नुकसान आहे, आणि या विषयाचे मर्म मला त्यातच दिसते. निसर्गात कोणतीही गोष्ट फुकट मिळत नाही. झटक्यासाठी पोसलेला स्नायू संथ पोहण्याच्या कामी येत नाही. सतत दचकून पळणाऱ्या माशाचे चरणे अपुरे राहते. जेथे शत्रू आहे तेथे हा खर्च परवडतो. नव्हे, तो करावाच लागतो. जेथे शत्रू नाही तेथे तोच खर्च अंगावर पडतो आणि काटकसरी शेजारी पुढे जातो.

उत्तर अमेरिकेतील गॅम्बुझिया माशावर ब्रायन लँगरहॅन्स यांनी केलेल्या अभ्यासातून हा हिशेब स्पष्ट झाला. शिकारी असलेल्या पाण्यात गॅम्बुझियाचे डोके लहान आणि शेपटीकडील भाग भरदार होतो. तो झटकन सुटतो चांगला, पण संथपणे दीर्घकाळ पोहण्यात शिकारी नसलेल्या पाण्यातील त्याचे भाऊबंद सरस ठरतात. धावपटू शंभर मीटरचा असावा की दहा हजार मीटरचा, असा हा प्रश्न आहे. एकच देह दोन्ही शर्यती जिंकू शकत नाही. बहामा बेटांपैकी अँड्रॉस बेटावर चुनखडीत तयार झालेली पाण्याची खोल विवरे आहेत. त्यांतील काहींत शिकारी मासा आहे, काहींत नाही. तेथील गॅम्बुझियांतही शरीराच्या ठेवणीचा असाच फरक विवरामागून विवरात आढळतो.

गप्पीच्या मादीपुढील पेच याहून बिकट असतो. शत्रू असलेल्या पाण्यात आयुष्याची शाश्वती नसते. म्हणून तेथील मादी लवकर वयात येते आणि पिलांवर अधिक शक्ती खर्च करते. पण पोटात पिले वाढली की देह जड होतो. मग पळावे कसे? कॅमेरॉन घलंबोर, रेझनिक आणि वॉकर यांनी २००४ मध्ये या प्रश्नाचे मोजमाप प्रसिद्ध केले. शत्रूच्या पाण्यातील वंशाच्या मादीचा सूर अधिक वेगाचा होता, हे अपेक्षितच. परंतु गर्भाचे दिवस भरत जातील तसा तिचा वेग निर्भय पाण्यातील मादीपेक्षा अधिक झपाट्याने घटत होता. एकाच शत्रूने तिच्याकडून दोन गोष्टी मागितल्या आहेत, पुष्कळ पिले आणि पुष्कळ वेग. आणि या दोन मागण्या परस्परविरुद्ध आहेत. आपल्याकडे पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे व्हाळातून शेतांत शिरतात. त्यांच्याकडे पाहताना ही ओढाताण आठवावी. अंगात वंशाचे ओझे आणि मागे शत्रू, असा प्रवास पाण्यात कोठे ना कोठे नित्य चालू असतो.

आपल्या पाण्याशी संबंध

आता आपण विचाराल, त्रिनिदादच्या माशाची ही कथा आम्हांस कशासाठी? त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण गप्पी आणि गॅम्बुझिया यांचेच. हे दोन्ही परदेशी मासे डासांच्या अळ्यांचा नाश करण्यासाठी आपल्या देशात आणले गेले. गॅम्बुझियाचा असा उपयोग १९२८ पासून होत आहे. बंदिस्त विहीर, टाकी, हौद यांत त्यांचा उपयोग आहे. परंतु जो मासा काही दशकांत आपला देह आणि वर्तन नव्या पाण्याप्रमाणे बदलून घेऊ शकतो, तो मोकळ्या ओढ्यात शिरला की काय करील, याचा भरवसा देता येत नाही. जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गॅम्बुझियाचे नाव आहे, हे विसरू नये. म्हणून विहिरीतील हे मासे बादलीतून नेऊन व्हाळात, नदीत किंवा देवळाच्या नैसर्गिक तळीत सोडू नयेत. आपल्या पाण्यात अळ्या खाणारे स्थानिक मासेही आहेत. डोक्यावर चकाकता ठिपका असलेला अप्लोकायलस हा लहानसा मासा त्यांपैकीच. गोव्यात हिवतापाच्या डासांविरुद्ध या माशाच्या एका जातीचा प्रयोग करण्यात आला व त्याची माहिती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. घरचा उपाय असताना परक्याला ओढ्यात नेण्याचे कारण नाही.

दुसरे कारण मत्स्यबीजाचे. संवर्धन तळ्यात बीज सोडण्यापूर्वी मरळीसारखे शिकारी मासे काढून टाकतात, त्यासाठी मोहाची पेंड वापरतात, हे आपल्या मत्स्यशेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यात गैर काही नाही. शेतातील तण काढण्यासारखेच ते काम आहे. पण बंदिस्त तळ्यात निर्धास्त वाढलेले बीज जेव्हा धरणाच्या जलाशयात सोडले जाते, तेव्हा ते निर्भय गावातून शत्रूच्या गावात जात असते. म्हणून अगदी लहान बीज न सोडता बोटुकली आकाराचे सोडावे, असा सल्ला मत्स्यव्यवसाय खात्याकडून दिला जातो. वंशाने न मिळालेल्या चपळाईची उणीव थोडी तरी आकाराने भरून निघावी, असाच त्याचा अर्थ आपण घ्यावा.

तिसरे कारण नदीनाल्यांचे. मत्स्यशेतीचे तळे वेगळे आणि वाहती नदी वेगळी. नदीतील मरळ, शिंगाळा, वाम हे शिकारी मासे म्हणजे त्या पाण्याची चाळणी. सुरुंग लावून किंवा विष कालवून नदीतील मासे मारणे हा गुन्हा तर आहेच; परंतु त्यात जे नष्ट होते ते त्या दिवशीच्या टोपलीपुरते नसते. शिकारी मासा नाहीसा झाला की लहान माशांना आनंदीआनंद झाला, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या वंशाने शेकडो पिढ्यांत जमविलेली पुंजी त्या दिवसापासून खर्ची पडू लागते. आणि शत्रू पुन्हा कधी आलाच, तर ती त्यांच्या गाठी असेलच असे नाही.

शिक्षकांना विनंती

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. उत्क्रांती हा धडा पुस्तकात जिराफाच्या मानेपाशी थांबतो आणि मुलांना तो लाखो वर्षांपूर्वीचा वाटतो. गप्पी मात्र गावच्या विहिरीत आहे. काचेच्या बरणीत दोन-चार गप्पी ठेवावेत. वरून हाताची सावली एकदाच झरकन फिरवावी आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातील संथगती चित्रणाने ती हालचाल टिपावी. साध्या डोळ्यांना न दिसणारा विळ्यासारखा वाक मुलांना पडद्यावर दिसेल. ओढ्यातील एखादा स्थानिक लहान मासा शेजारच्या बरणीत ठेवून तुलना करता येईल. प्रयोग आटोपल्यावर प्रत्येक मासा जेथून आणला तेथेच सोडावा; माशांची अदलाबदल होऊ नये, एवढी दक्षता घ्यावी. काचेवर वारंवार टकटक करून त्यांना त्रास देऊ नये. ही दक्षता हाही धड्याचाच एक भाग होईल.

समारोप

अखेर मत्स्यन्यायाकडे वळतो. कौटिल्याने तो शब्द माणसांच्या अराजकाविषयी वापरला, आणि माणसांच्या समाजात तो न्याय चालू देता कामा नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. दुर्बलाचे रक्षण करणे हेच शासनाचे व समाजाचे कर्तव्य आहे. गप्पीच्या कथेतून माणसांसाठी 'बळी तो कान पिळी' असा बोध कोणी काढू नये; तसा तो निघतही नाही. पाण्यातील व्यवहार मात्र निराळा आहे. तेथे गिळणारा आणि निसटणारा हे दोघे मिळून एकमेकांना घडवीत आले आहेत. पाइक सिक्लिडला गप्पीची दया नाही. तरीही गप्पीच्या शेपटीतील वीज त्याच्याचमुळे आहे.

तेव्हा कोणत्याही पाण्यात एखादा मासा आणून सोडताना किंवा तेथील एखादा मासा संपविताना आपण एवढा विचार करावा. आपण केवळ माशांची संख्या बदलीत नसतो. जे मासे अद्याप जन्मलेलेही नाहीत, त्यांनी कसे पोहावे, हे आपण त्या क्षणी ठरवीत असतो. हा अधिकार मोठा आहे, आणि तो गावोगावी, तळ्याकाठी, एखाद्या बादलीच्या रूपाने आपल्याच हाती असतो. तो जपून वापरावा, एवढीच विनंती.